"पट्टा पडल्यावर बघू"

बीडकडच्या ऊसतोडीच्या घरांत दसरा जवळ आला की खोकल्याचा, म्हणजे टीबीच्या शंकेचा विषय या एका वाक्यावर थांबतो. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. दवाखान्याला कुणाचा विरोध नसतो. पण उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, घेतलेली असते कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एक जण बसला तर उचल फिटत नाही, वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो. आजारी सून असेल तर निर्णय आणखी लांबतो: "माहेरी जाऊन दवाखाना कर."

म्हणून तपासणी उचल घेण्याआधी, पावसाळ्यातच व्हायला हवी. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, यातलं काहीही असलं तरी थुंकी तपासा. नमुने दोन: एक तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याउठल्या. तोंडातली लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढायचा. लाळ दिली की आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि घर निर्धास्त होतं. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी झाली तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळतं. सरकारी केंद्रात हे सगळं मोफत आहे.

साध्या, म्हणजे नेहमीची औषधं लागू पडणाऱ्या टीबीचा उपचार 6 महिन्यांचा. पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन, एकाच गोळीत एकत्र केलेली. मोठ्या माणसाचं वजन 35 ते 49 किलो असेल तर रोज 3 गोळ्या, 50 ते 64 असेल तर 4. लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिनमुळे; "उष्णता वाढली" म्हणून गोळ्या सोडू नका. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उपचार बऱ्याचदा तुटतो तो दुसऱ्या महिन्याच्या आसपास. खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि नेमकी तेव्हाच ऊसतोडीला जाणारी गाडी भरते. निघण्याआधी आशाताईंना कारखान्याचं नाव आणि तालुका सांगा. निक्षय नंबरवरून (सरकारी टीबी नोंदणीतला पेशंटचा नंबर) पेशंटची नोंद तिकडच्या केंद्राकडे बदलून देता येते. महिनाभराच्या गोळ्या सोबत मागून घ्या. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिना 1000 रुपये मिळतात. खातं पेशंटच्याच नावावर असावं, विशेषतः ती सून असेल तर.

कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ताट-तांब्या वेगळा करण्याची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो. गोळ्या लागू पडल्या की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. सोबत पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याची तपासणी आधी. आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करून घ्या.

आणि आशाताईंनी घरी यायचं ते नवरा आणि सासू दोघं असतील अशा वेळी. एकट्या सुनेला सांगितलेलं तिथंच राहतं.