गंजाखालचं क्रोम: आमची वाटचाल

बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो मिटेल या आशेवर काही महिने निघाले, मग घरातली पितळी भांडी मोडीत घालायची वेळ आली. तेव्हा कुर्ल्याच्या मामांनी त्यांना एका बफिंगवाल्याकडे रोजावर लावून दिलं. गरगरत्या मोपाला, म्हणजे कापडी चाकाला, पॉलिशची वडी लावायची, नळाची तोटी टेकवायची, चकाकी आली की पुढची उचलायची. संध्याकाळी बाबा पापण्यांपर्यंत काळे होऊन घरी यायचे. पण हात बसला. १९९१ मध्ये त्यांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत भाड्याने गाळा घेतला. भांडवल म्हणजे दोन्ही टोकांना मोप असलेली एक मोटर.

मी १९९८ ला गाळ्यात आलो, तोवर मोटरसायकलचं काम वाढलं होतं: बुलेटचे मडगार्ड, राजदूतची हँडलं, येझदीचे जोड सायलेन्सर. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून एक काम बिघडलं. एका जुन्या जावाच्या हेडलाइटच्या रिंगवर मोहरीएवढे गंजाचे ठिपके होते. मी पॉलिश पेपर घेतला आणि घासत सुटलो. ठिपके गेले, पण त्यांच्या जागी पिवळसर डाग उमटले. बाबांनी रिंग उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, क्रोम घालवलंस. हे खालचं निकल दिसतंय." आम्ही पदरमोड करून रिंग नव्याने प्लेट करून, म्हणजे हौदात बुडवून धातूचे थर पुन्हा चढवून दिली. गाडीचे मालक एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री बाबांनी जे समजावलं, त्यावर आमचा धंदा उभा आहे. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो निळसर चमकणारा थर जेमतेम पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. लोखंडाला खरं सांभाळतं ते त्याखालचं निकल, आणि चांगल्या कामात निकलखाली तांबं. क्रोमला बारीक भेगा असतातच. निकलमध्ये कुठे छिद्र राहिलं की दमट हवा तिथून लोखंडापर्यंत पोचते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो खालून थर उचलतो आणि पोपडे सुटतात. त्यात मुंबईचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. वरळीच्या किंवा माहीमच्या किनाऱ्यालगत उभी राहणारी गाडी मी मडगार्डची आतली बाजू बघून ओळखतो; तिथे मुळातच प्लेटिंग नावापुरतं असतं.

बफिंग आमचं, प्लेटिंग बाहेरचं, अशी आमची पद्धत. एका वर्षी एका प्लेटिंगवाल्याने आमचे सायलेन्सर निकलच्या हौदातून लवकर काढून थेट क्रोमला घातले. मे महिन्यात गिऱ्हाइकांना दिले तेव्हा आरशासारखे लख्ख. गणपतीपर्यंत त्यांवर तपकिरी पुरळ उठलं. बघून ते कळण्यासारखं नव्हतंच, कारण निकल कमी असलं तरी वरची चमक तीच दिसते. तेव्हापासून भाग हौदात असेपर्यंत आमचा माणूस तिथे उभा असतो. काहींना राग येतो, पण आम्ही ते सोडलेलं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी आमच्या गाळ्यात छातीएवढी शिरली. मोटर जळाली, मोपांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर गल्लीत बुडालेल्या गाड्यांची रांग लागली, वाळक्या चिखलाने माखलेल्या, क्रोम तपकिरी पडलेलं. ज्यांच्या घरातलं धान्यसुद्धा वाहून गेलं होतं, त्यांना "सगळे भाग नवीन प्लेट करून घ्या" म्हणायला जीभ रेटेना. आणि आमच्याकडे तरी हातांशिवाय काय उरलं होतं? तेव्हा भायखळ्याचे एक म्हातारे मेकॅनिक चाचा म्हणाले, "पोळ्या गुंडाळायची फॉइल आण."

चाचांची रीत अशी: आधी भाग साध्या पाण्याने आणि साबणाने धुवायचा, कारण वाळूचा एक कणही ओरखडा पाडतो. फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, म्हणून चमक शाबूत राहते. राखाडी-तपकिरी लगदा निघतो, तो वाळायच्या आत पुसून नवा बोळा घ्यायचा. चिवट ठिपक्यांना तेलात भिजवलेली चार शून्य नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल. भाग पूर्ण कोरडा झाला की वरून मेणाचं पॉलिश, म्हणजे छिद्रं काही काळ तरी झाकली जातात. खड्डा मात्र खड्डाच राहतो, हे आम्ही आधीच सांगतो. पुराच्या नंतरच्या दोन महिन्यांत आम्ही मेलं समजलेलं कितीतरी क्रोम जिवंत निघालं. क्रोम वाचवण्याचं काम आम्ही वेगळं घ्यायला लागलो ते तेव्हापासून.

कळकळीची विनंती: संडास साफ करायचं ॲसिड क्रोमला लावू नका. त्याने गंजाबरोबर क्रोमही विरघळतं. असे किती सायलेन्सर आले असतील, त्यांची गणतीच नाही.

स्वतःचा क्रोमचा हौद टाका, असं पुष्कळांनी सुचवलं. बाबांनी नाही म्हटलं, मीही तेच म्हणतो. हौदातल्या क्रोमिक ॲसिडच्या वाफेने नाकाचा पडदा झिजून भोक पडतं, कर्करोगाचा धोका आहे, आणि ते पाणी प्रक्रिया न करता गटारात सोडणं हा गुन्हा आहे. दाटीच्या गल्लीतल्या गाळ्यात ते नीट सांभाळणं आम्हाला जमणार नव्हतं. चाकाचे आरेही आम्ही प्लेटिंगला देत नाही. ॲसिडमध्ये आणि हौदात लोखंडात हायड्रोजन शिरतो, त्याने ताणाखालची तार ठिसूळ होऊ शकते. नंतर भट्टीत नीट तापवली तर तो निघतो, पण ती खात्री मी देऊ शकत नाही, आणि चालत्या चाकात आरा तुटणं म्हणजे काय ते सांगायला नको.

बाबा आता मोपासमोर उभे राहत नाहीत; खुर्चीत बसून भाग बोटांनी चाचपतात. माझी मुलगी प्रत्येक गाडीचा कागद करते: काय घासून वाचेल, काय प्लेट करावं लागेल, काय बदलायचं. सध्या एका येझदीच्या दोन रिम आल्या आहेत. बाहेरून घासल्यावर छान निघाल्या. ट्यूबखालची पट्टी काढली तर मागच्या रिममध्ये गंजाने पत्रा खाल्लेला. मुलीने पुढची "घासून वाचेल" खाली लिहिली. मागचीपाशी ती थांबली आणि तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आतून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही बदला. फोन करून आजच सांग त्यांना."