आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून बारकोडपर्यंत

आमचा छापखाना सांगलीतला. अण्णांनी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, सुरू केला. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं ही तेव्हाची कामं. मी हाताशी आले तोवर खिळे (सुट्या अक्षरांचे शिशाचे ठसे) जाऊन ऑफसेट आलं होतं. बारकोड हा शब्द मात्र आमच्या दारात आणला तो कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका काकूंनी, २००८ साली. एका मोठ्या दुकानानं माल ठेवायचं कबूल केलं होतं, अट एकच, पाकिटावर रेघा हव्यात.

नंबर त्यांनी रीतसर जीएस१ इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून, घेतला होता, ८९०ने सुरू होणारा, तेरा आकडी. (८९० पाहून माल भारतातच तयार झाला असं पुष्कळ जण धरून चालतात. त्यावरून एवढंच कळतं की नंबर इथल्या संस्थेकडून घेतलेला आहे.) लेबल एकरंगी होतं, लाल. जास्तीची प्लेट आणि शाई वाचावी म्हणून मी रेघाही लालच छापल्या. दिसायला इतकं सुबक लेबल झालं की अण्णांनीही हातात घेऊन पाहिलं.

चार दिवसांनी काकू पाकिटांची पिशवी घेऊन परत आल्या. "अगं पोरी, त्यांच्या मशीनला काही दिसतच नाही म्हणे." त्या मशीनचा उजेड लाल असतो. लाल उजेडात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच उजळतात, म्हणजे मशीनच्या लेखी कागद कोराच. उलट पिवळ्या किंवा लाल जमिनीवर काळ्या रेघा बिनतक्रार वाचल्या जातात. दोन हजार लेबलं मी माझ्या खर्चानं काळ्या शाईत पुन्हा छापून दिली. काकूंनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्यांचा पहिला माल दुकानातून परत आला तो माझ्यामुळे, हे मी विसरलेले नाही. बारकोड हे डोळ्यांसाठी छापायचं चित्र नव्हे हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आमच्याकडे ऑर्डर लिहून घेताना पहिला प्रश्न ठरलेला आहे : हा वाचणार कोण, आणि कुठे?

किरकोळ दुकानाच्या गल्ल्यावर वाचायचा असेल तर बहुतेक वेळा उत्तर ईएएन-१३, म्हणजे काकूंचा होता तसा तेरा आकडी कोड. तिथे आपल्या आवडीला वाव नाही, आणि मापालाही फारसा नाही. पूर्ण आकाराचा कोड दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून ३७.२९ मिलिमीटर रुंद. सगळ्यात बारीक रेघ ०.३३ मिलिमीटर. ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नाही. डिझाइन करणारी मुलं डावी-उजवीकडची मोकळी जागा वाया गेली असं समजून तिथे किंमत नाहीतर पत्ता सरकवतात. ती जागा कोडचाच भाग आहे. कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे मशीनला तिच्यावरूनच समजतं.

पुढे आम्ही थर्मल, म्हणजे उष्णतेनं लेबल छापणारा, प्रिंटर घेतला आणि तिथेही ठेच लागलीच. २०३ डीपीआयचा प्रिंटर म्हणजे इंचाला २०३, मिलिमीटरला आठ ठिपके. रेघ दोन ठिपक्यांची केली तर ०.२५ मिलिमीटर, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्याही खाली. तीन ठिपक्यांची केली तर ०.३७५, कोड पूर्ण आकारापेक्षा मोठा. मधलं माप त्या यंत्राकडे नाहीच. संगणकावर कोड ओढून-ताणून बसवला की काही रेघा दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या होतात आणि दुकानदार म्हणतो, कधी लागतो, कधी लागत नाही. आम्ही ३०० डीपीआयचा प्रिंटर घेतला. त्यात चार ठिपक्यांची रेघ ०.३४च्या आसपास येते. ही तक्रार तिथून पुढे थांबली.

एकदा एक तरुण उद्योजक स्वतःच नंबर घेऊन आला : ८९०१२३४५६७८९०. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढायचा असतो. एकाआड एक आकड्यांची बेरीज २८, उरलेल्यांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. पुढच्या दशकाला उरलं शून्य. म्हणजे नंबर गणितात बरोबर, मशीनही आवाज देणार. पण तो त्याचा नव्हता, मनानं रचलेला होता. असाच नंबर आणखी कुणी रचला आणि दोन्ही माल एका दुकानात गेले, तर गल्ल्यावर एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचा भाव. मी छापायला नकार दिला. तो नाराज होऊन गेला, आणि रीतसर नंबर घेऊन महिन्यानं परत आला.

दुकानाबाहेर पडलं की मात्र निवड खरी सुरू होते. रक्त तपासणाऱ्या एका लॅबनं नळ्यांसाठी लेबलं मागितली. आधीच्या छपाईवाल्यानं त्यांना कोड ३९ नावाचा रेघांचा कोड दिला होता. तो वाईट नाही, पण जागा फार खातो. आठ आकडे आणि दोन टोकांच्या खुणा धरून तो नळीच्या निम्म्या घेरावर वळत होता. कोड १२८ या दुसऱ्या प्रकारात आकडे जोडीनं बसतात, आठ आकड्यांना चारच चिन्हं. तो घेतला आणि रेघा नळीला शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील असा लावला, म्हणजे गोलाईमुळे एकही रेघ मागे जात नाही. आजारी माणसाच्या नमुन्याची अदलाबदल होऊ नये, यासाठी केलेलं हे काम मला आमच्या सगळ्या कामांत मोलाचं वाटतं.

तासगावच्या बेदाण्याच्या खोक्यांना आयटीएफ-१४, म्हणजे खोक्यांसाठीचा चौदा आकडी कोड, जातो. नालीदार पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून तिथे जाड रेघांचा मोठा कोडच टिकतो. त्याच्या कडेची जाड पट्टी शोभेची समजून कुणी काढायला सांगितली, तर आम्ही काढत नाही. मशीन तिरकं धरलं गेलं तर अर्धाच कोड वाचला जाऊ नये म्हणून ती असते. बॅच आणि तारीखही कोडमध्येच हवी असेल, तर जीएस१-१२८, म्हणजे कोड १२८चाच जीएस१नं ठरवलेला प्रकार. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचं काम मात्र मी सोडलं. तापलेल्या कास्टिंगवर कागदी लेबल टिकत नाही. त्यांना धातूवरच टोचून काढलेला डेटामॅट्रिक्स हा ठिपक्यांचा चौकोनी कोड लागणार होता, आणि तो आमचा धंदा नव्हे. तसं त्यांना सांगितलं.

आता सगळ्यांना क्यूआर हवा असतो. जपानच्या डेन्सो कंपनीनं तो १९९४ साली आणला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. चूक दुरुस्त करण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीवर छापला तर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. काकूंची सून गेल्या महिन्यात आली. म्हणाली, "ताई, रेघा काढून टाकू या, नुसता क्यूआर ठेवू." त्यात तिला पाककृतींची लिंक द्यायची आहे. जीएस१च्या जागतिक संस्थेनं २०२७च्या अखेरीपर्यंत गल्ल्यावर असे चौकोनी कोडही वाचले जावेत असं ठरवलं आहे. पण तिचा माल जातो त्या दुकानांपैकी निम्म्यांकडे अजून जुनीच लाल उजेडाची, फक्त रेघा वाचणारी मशिनं आहेत, ती मी स्वतः जाऊन पाहून आले. म्हणून पाठीमागच्या काळ्या रेघा तशाच ठेवल्या, क्यूआर पुढच्या बाजूला घेतला. सोमवारी चाचणीची पन्नास लेबलं जातील. मसाला भरलेल्या पाकिटांवर लावून पाहायची आहेत, कारण रिकामं पाकीट सपाट असतं आणि भरलेलं फुगतं.