विणता येतंच, मग कार्यशाळा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘लहानपणापासून विणताय, इतके बाळंतविडे करून दिलेत, मग शनिवार-रविवार कार्यशाळेत बसून शिकायचं काय उरलं? आणि यूट्यूबवर सगळं आहेच की!’ नात्यातल्या बायका विचारतात, शेजारणी विचारतात.

आईनं मला दोन सुयांवरचं विणकाम शिकवलं. सुलट, उलट, पाठ आणि पोट वेगवेगळं विणायचं, शेवटी शिवायचं. आजही मी तसं विणते. पण ही एक रीत झाली. आपण लोकर उजव्या हातानं सुईवर टाकतो. जर्मनीकडच्या बायका ती डाव्या बोटावर धरतात आणि सुईच्या टोकानं उचलून घेतात. मला दोन्ही हात तयार करायचे होते, कारण फेअर आयलचं रंगीत नक्षीकाम शिकायचं होतं.

फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधलं छोटंसं बेट. १९२०च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स तिथल्या नक्षीचा स्वेटर घालू लागले आणि त्याची फॅशनच आली. पाहताना वाटतं, एकाच वेळी सात-आठ रंग चाललेत. खरं तर एका ओळीत दोनच असतात. एक उजव्या हातात, एक डाव्या, आणि ज्याचं काम नाही तो धागा मागून जातो. हा मागचा धागा ताणला गेला की कापड आक्रसतं. इथे शिक्षिका समोर असावी लागते. व्हिडिओत तिचे हात दिसतात, तिला माझे दिसत नाहीत. बाईंनी माझा तुकडा उलटून मागची बाजू पाहिली आणि सांगितलं, रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या. एवढंच. पण ते हातात घेऊन पाहणाऱ्यालाच सांगता येतं.

स्वेटर सुरू करण्याआधी टाके मोजायला नमुन्याचा छोटा चौकोन विणायचा असतो. त्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तोही बाईंनी हिशेबानं घालवला. २०० टाक्यांचा घेर आहे. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसले तर घेर १०० सेंटिमीटर. २२ बसले तर जेमतेम ९१. दोन टाक्यांत स्वेटर अंगाला होईनासा होतो!

मला सर्वांत जास्त आनंद दिला तो कात्रीनं. दोन रंगांत उलट विणणं अवघड जातं, म्हणून हे स्वेटर गोल सुईवर नळीसारखे विणतात. म्हणजे सुलट बाजू कायम समोर, सगळे टाके सुलट. समोरून उघडा हवा असेल तर मध्यावर थोडे जादा टाके घ्यायचे आणि विणून झाल्यावर तिथे चक्क उभं कापायचं. उसवत कसं नाही? टाका सुटतो तो वरून खाली, शिडीसारखा. उभ्या कापात धाग्याची टोकं आडवी पडतात, ती तशी धावत नाहीत. शिवाय शेटलंडची लोकर खरखरीत, तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. आपल्याकडची अॅक्रिलिक लोकर गुळगुळीत, म्हणून तिच्यावर कापाच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीनची शिवण घालायची. ही कारणं कळली की कात्री धरताना हात थरथरत नाही.

मोज्याचं टोक सुईदोऱ्यानं बिनशिवणीचं जोडणंही शिकले. ते सरावाचं काम आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही.

तुम्ही जाणार असाल तर आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया न्या. लोकर फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका कुठून कुठे गेलाय ते शिकवणाऱ्यालाही दिसत नाही.