सायकलची सीट आणि आईचा गुडघा

पावसाळ्यात रंकाळ्यावर फिरणं बंद झालं की आईचे गुडघे आखडतात, म्हणून यंदा घरीच व्यायामाची सायकल आणली. चार दिवसांत आई म्हणाली, "बाळा, गुडघ्याच्या वाटीत लई दुखतंय बघ." मला वाईट वाटलं, कारण चूक माझी होती, सीट आली तशीच ठेवलेली, एकदम खाली.

मग रविवारी नीट बसलो. आईला सायकलशेजारी उभं केलं, सीट तिच्या कमरेच्या हाडाच्या लेव्हलला आणली, मग वर बसवून टाच पॅडलवर ठेवायला लावली, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो आणि जास्त वर गेली की कंबर डावी-उजवीकडे हलते, ते मागं उभं राहून बघितलं की लगेच कळतं. आईची हलत होती, एक भोक खाली घेतली.

सीट पुढंमागं पण होते, हे बरेच जण बघतच नाहीत! पॅडल आडवे असताना पुढचा गुडघा, पॅडल ज्या आसावर फिरतं त्याच्या बरोबर वर यायला हवा. हँडल मी सीटपेक्षा जरा उंच ठेवलं, तिला वाकायला नको.

सीट भोकात अडकवायची पिन पूर्ण आत गेली का ते मात्र दरवेळी हलवून बघा. सीटच्या दांड्यावर आता आईच्या मापाला लाल नेलपेंटची रेघ आहे, माझ्या मापाला खडूची. काल तिनं वीस मिनिटं चालवली आणि उठून सरळ चहा टाकायला गेली.