किराणा निघाला

परवा अमेरिकेतून ओमीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आत्या, प्लाझ्मा देऊन आलो. आठवड्याचा किराणा निघाला." प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग; तिकडे तो दिला की पैसे मिळतात. आणि लगेच गाडी तिकडच्या कोथिंबिरीच्या भावावर. मी नुसतं हूं हूं करत राहिले.

नेमकं काय लागलं मला? आधी वाटलं, लाज. दादा-वहिनींनी फ्लॅटवर कर्ज काढून पाठवलेला मुलगा तिकडे... जाऊ दे, तो विषय आज नको.

पैशासाठी रक्त देणारा माणूस मी जवळून पाहिलाय, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६चा, आणि १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे बंद झालं. त्याआधी हॉस्पिटलच्या फाटकाशी अशी माणसं उभीच असायची. वॉर्डबॉयने एकाला आणलं. गालफडं बसलेली, शर्टाची बाही आधीच वर दुमडलेली. काकांनी त्याच्या हातात नोटा कोंबल्या, त्याने त्या मोजल्या आणि चहासाठीही न थांबता गेला. बाबा पुढे बरीच वर्षं जगले. मला तेव्हा त्या माणसाची किळस आली होती.

ओमीचं तसं नाही. तिथे सगळं रीतसर. यंत्र रक्त ओढतं, प्लाझ्मा ठेवून घेतं आणि लाल पेशी परत अंगात सोडतं, म्हणून आठवड्यातून दोनदाही देता येतो. पैसे कार्डावर जमा. गंमत म्हणजे तिथेही पैसे घेऊन दिलेल्या रक्ताच्या पिशवीवर तसं छापावं लागतं, त्यामुळे हॉस्पिटलं ते घेत नाहीत. औषधासाठी जाणाऱ्या प्लाझ्म्याला मात्र ती अट नाही. जगातला साधारण दोन-तृतीयांश प्लाझ्मा एकटी अमेरिका पुरवते, ती अशा ओमींच्या जिवावर. आमच्या तळमजल्यावरच्या पिल्लूला हिमोफिलिया आहे, रक्त नीट गोठत नाही; गुडघा सुजला की त्याला रक्त गोठवणारा फॅक्टर आठ टोचायला नेतात. तोही बऱ्याचदा प्लाझ्म्यातूनच काढलेला असतो. आता काय त्याच्या आईला विचारू, की बाई, देणाऱ्याने पैसे तर घेतले नव्हते ना?

तरी लागलंच. वर्गात टिटमस, म्हणजे रक्तदानावर पुस्तक लिहिणारा ब्रिटिश अभ्यासक, शिकवताना किती तावातावाने बोलायचे मी! पैसे आले की माणूस आजार लपवतो, रक्ताची खात्री जाते, आणि एरवी फुकट देणाऱ्यांची दानतही आटते. पोरं वह्यांत उतरवून घ्यायची. आणि माझ्याच घरातलं पोर हिशेब सांगतंय किराण्याचा. आयुष्यभर घसा कोरडा केला, तो कोणासाठी?

आज गाद्या काढायला माळ्यावर हात घातला तर आधी बॅगच डोक्यावर आली. साहेबांच्या हसऱ्या फोटोची, तलावपाळीच्या रक्तदान शिबिरात मिळालेली. मागून दोन टिफिन, एक भिंतीवरचं घड्याळ आणि हेल्मेट. मला स्कूटरसुद्धा येत नाही! ह्यांनी तर एका वर्षी चरईचं शिबिर सोडून कोपरीचं गाठलं होतं, तिथे कुकर होता म्हणून. नियमात रोख बसत नाही, खरं तर वस्तूही नाही; तरी कुकर चालून गेला.

आणि आपला प्लाझ्मा तरी कुठे फुकटचा राहतो? रक्तपेढीत जास्तीचा उरला की औषध कंपन्यांकडे जातो. सरकारी परिषदेने त्याचा दर ठरवून दिला होता, लिटरला १६०० रुपये. रोकड नाही, बदल्यात यंत्रं नाहीतर औषधं. माझ्या पिशवीतून २०० मिली निघाला असं धरलं तर माझा भाव ३२० रुपये. ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कुकर महाग होता."

हसले. पण हसल्यावरही ते आत होतंच, आणि ती लाज नव्हती. किराण्याला पैसे पुरत नाहीत हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. एकदम उपायच सांगितला, तोही मजेत.

संध्याकाळी मेसेज टाकला. डाळ-अंडी खा, पाणी पी, थोडे पैसे पाठवू का?

"नको गं आत्या. शुक्रवारी परत जातोच आहे."

म्हणजे आठवड्यातून दोनदा.