मामाच्या रॅलेला दूधवाल्याचं फ्रीव्हील

मामाची रॅले अकरा वर्षं आमच्या जिन्याखाली उभी होती. 1983 साली तो कव्हेंट्रीहून कायमचा परत आला, तेव्हा बोटीनं आलेल्या सामानात ही दहा गिअरची सायकल होती. पुण्यात त्यानं ती वीसेक वर्षं दामटली. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि सायकल माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात रंगकामवाल्यांची शिडी तिच्यावर पडली आणि मागच्या गिअरची पट्टी तुटली. तसला जुना गिअर काही मिळेना. म्हटलं, काढूनच टाकू. डहाणूकर कॉलनी ते नळ स्टॉपजवळची माझी लॅब, एवढ्या रस्त्याला दहा गिअर कशाला हवेत?

मामाला फोन केला.

"गिअर काढतेस? मग उरलं काय तिच्यात?"

"बाकी सगळी सायकल."

"हं," म्हणाला आणि क्रिकेटकडे वळला.

मी कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवते. त्यामुळे पकड, कानस, व्हर्नियर हाताशी असतात आणि दाते मोजायची सवयही आहे. पुढे 52 आणि 40 दात्यांची दोन चक्रं, मागे 14 ते 28 दात्यांची पाच. मागची पाच एकाच फ्रीव्हीलवर, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागावर बसवलेली, आणि ते फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर आट्यांनी आवळलेलं. पायडल मारलं की ते आवळतच जातं. म्हणजे मामानं वीस वर्षं स्वतःच्या पायांनी ते घट्ट केलेलं. ते काढायला त्याच्या दोन खाचांत नेमका बसणारा पाना लागतो. तो नसल्यामुळे घराजवळच्या एका मेकॅनिकनं छिन्नी लावून हातोडा घातला आणि पहिल्याच दणक्यात एक खाच उडवली. "ताई, हे जाम झालंय, चाकच नवीन टाका," असं म्हणून तो मोकळा झाला.

मग दुसरा मार्ग, म्हणजे फ्रीव्हील जागेवरच सोलायचं. त्याच्या तोंडाशी दोन बारीक भोकांची एक चकती असते. तिचे आटे उलटे असतात. म्हणजे आपण एरवी आवळतो त्या दिशेला फिरवलं की ती सुटते. हे माहीत नसलेला माणूस तिला आयुष्यभर आवळत बसेल. भोकात पंच धरून मी हलके हलके ठोकलं. पाचव्या-सहाव्या ठोक्याला चकती कुरकुरली, फिरली, आणि साबुदाण्याएवढे छर्रे घरंगळत रद्दीच्या पेपरावर आले. पाचही चक्रं एका गठ्ठ्यात हातात आली. आत दोन छोटे खटके, केसासारख्या स्प्रिंगा आणि इंजिन ऑइल वाळून झालेला काळा गूळ. मामाचं फ्रीव्हील आता कायमचं गेलं, हे तेव्हा लक्षात आलं. जरा वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

उरलेला गाभा ग्रिल बनवणाऱ्या शेजाऱ्याच्या मोठ्या व्हाइसमध्ये पकडला आणि आम्ही दोघांनी मिळून चाकच फिरवलं, बसचं स्टिअरिंग डावीकडे वळवावं तसं. कट् असा आवाज झाला. मला वाटलं हब फुटला. सुटला होता.

आता नवीन फ्रीव्हील. हबवरचे आटे व्हर्नियरनं मोजले, व्यास जवळजवळ 35 मिलिमीटर आणि एका इंचात 24 आटे. ही इंग्लिश पद्धत, आणि आपल्या साध्या काळ्या सायकलींचीही हीच. कारण आपल्याकडचा हा धंदा इंग्रजी मापांवरच उभा राहिला. आसनसोलला सेन-रॅले होती, मद्रासला टीआय सायकल्स 1949 साली इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर सुरू झाली. मामा त्या काळात फ्रेंच सायकल घेऊन आला असता तर तिचे आटे मिलिमीटरचे निघाले असते आणि मी तिथेच अडकले असते. बोहरी आळीत जाऊन 18 दात्यांचं एक साधं फ्रीव्हील आणि एक जाडी चेन घेतली. फ्रीव्हील एकशे साठ रुपये. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या सायकलला, ताई?" रॅले म्हटल्यावर त्यानं नुसती मान डोलावली.

आट्यांना ग्रीस लावून फ्रीव्हील हातानंच फिरवत नेलं. शेवटपर्यंत गेलं, कुठे अडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा हब आणि परवाचं फ्रीव्हील. या अख्ख्या कामात मला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो त्या दहा सेकंदांत.

इथे काम संपलं असं मला वाटलं होतं, पण खरं काम पुढेच होतं. एकच चक्र असलं की ते हबला अगदी चिकटून बसतं. पुढचं 40 दात्यांचं चक्र मात्र त्याहून बाहेर. लोखंडी पट्टी पुढच्या चक्राला टेकवून मागे नेली तर चेन सहा मिलिमीटर तिरकी जाणार होती. गिअरच्या सायकलला तिरकी चेन चालते, तिची सवयच असते. एकेरी सायकलला ती करकरते आणि खड्ड्यात उतरते.

उपाय असा की एक्सलवर उजवीकडे गिअरच्या जागेसाठी जे वायसर घातलेले असतात, त्यांतला सहा मिलिमीटरचा काढून डावीकडे घालायचा. मग हब उजवीकडे सरकतो आणि चक्र चेनच्या रेषेत येतं. त्यासाठी एक्सलवरचे कोन, म्हणजे हबातले छर्रे जागेवर धरणारे निमुळते नट, उघडावे लागतात. मागच्या हबात पाव इंची छर्रे, एका बाजूला 9. दुसऱ्या बाजूला मोजले तर 8. नववा मी आणि आईनं अर्धा तास शोधला, तो मोरीच्या जाळीत सापडला. शेवटी सगळेच छर्रे नवे घातले. बोहरी आळीत ते वजनावर मिळतात.

हब उजवीकडे गेला तसा रिमही उजवीकडे गेला आणि टायर उजव्या दांडीला घासायला लागला. आता रिम मधोमध आणायचा. मूळ चाकात उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि ताठ असतात, डावे तिरके आणि सैल, कारण उजवीकडे पाच चक्रांना जागा द्यायची असते. ती गरज आता संपली होती. 36 स्पोक, बाजूला 18. जुन्या निपलांना, म्हणजे रिमपाशी स्पोक ताणणाऱ्या छोट्या नटांना, आदल्या रात्री तेलाचा एकेक थेंब दिला. मग व्हॉल्व्हपासून सुरू करून उजवीकडचं प्रत्येक निपल पाव फेरा सैल आणि डावीकडचं पाव फेरा घट्ट. पूर्ण वळसा झाला की पुन्हा व्हॉल्व्हपासून. असे सहा वळसे. घाई करून एका स्पोकला एकदम दीड फेरा दिला की तिथे चाक वाकतं आणि मग आऊट काढता काढता रात्र जाते. हे मी दुसऱ्या वळशात करून पाहिलं, म्हणून सांगते.

मधोमध आला की नाही हे बघायला खास हत्यार लागत नाही. चाक सायकलमध्ये घालून दांडीपासून रिमचं अंतर मोजायचं, मग चाक उलटं घालून पुन्हा मोजायचं. जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्मी चूक. चौथ्या वळशानंतर माझा फरक चार मिलिमीटर होता, सहाव्यानंतर मोजता येईना. आणि स्पोक छेडून बघितले तर दोन्ही बाजूंचा आवाज जवळजवळ एकच. गिअरच्या चाकात तसा तो कधीच नसतो. सायकल साधी झाली वगैरे ठीक आहे, पण चाक पहिल्यापेक्षा मजबूत झालं, हा भाग मला आधी कोणी सांगितला नव्हता.

बाकीचं पटकन झालं. पुढचं 52चं चक्र तसंच ठेवलं, त्यानं पँट चेनपासून वाचते. चेन तोडून जोडली. मागच्या एक्सलच्या खाचा आडव्या आहेत, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता येते. बोटानं दाबल्यावर मधे सेंटीमीटरभर हलली पाहिजे. काढलेले गिअर, लिव्हर, केबली, चक्रं रद्दीवाल्याच्या काट्यावर घातली तर किलोच्या वर भरली. त्यानं भाव विचारला, मी पिशवी परत घरात आणली.

पहिल्या दिवशी चांदणी चौकाच्या चढाला गेले. उगाच. उभी राहून जोर लावला आणि अर्ध्यात मागून खर्र. चेननं चाकाची उजवी बाजू पुढे खेचली होती आणि टायर डाव्या दांडीला टेकला होता. नट मी लॅबच्या छोट्या पान्यानं आवळले होते. दातांच्या कामाला ठीक, सायकलला नाही. उतरून चाक मागे ओढलं, एका रिक्षावाल्याकडून लांब पाना घेतला आणि नीट आवळलं. त्यानंतर हललेलं नाही.

40 ला 18 म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण 4.8 मीटर. मिनिटाला ऐंशी फेरे मारले तर ताशी 23 किलोमीटर. नळ स्टॉपच्या सिग्नलपर्यंत तेवढा वेग कोण काढू देतंय?

रविवारी मामा आला. चष्मा वर करून त्यानं मागचं चाक उचललं आणि फिरवून सोडलं. टिकटिक ऐकत राहिला.

"दूधवाल्याच्या सायकलीसारखी वाजते."

"त्याचंच आहे. एकशे साठला."

"आणि माझं?"

पिशवी आणून दिली. त्यानं 28 दात्यांचं चक्र बाहेर काढलं, अंगठ्यानं एकेक दाता चाचपला आणि म्हणाला, "हे कात्रजच्या घाटाचं." मग ते परत पिशवीत टाकून म्हणाला, "टायर बदल आता. 27 इंची शोधत बसू नकोस, 700चे रिम टाक. ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली घ्यावे लागतील, बाकी काही नाही."

त्याच्यासाठी परत छत्तीस स्पोक. दिवाळीनंतर बघू.