कुत्र्याची मिस्सा नसते

आमच्या वसईत माणूस गेला की पुढे काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चर्चची घंटा वाजते. तिची लय ऐकूनच बायका गॅस बारीक करून 'कोण गेलं?' म्हणत दारात येतात. मग शवपेटी, फुलांची चक्रं, मिस्सा म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, दफनभूमी, मूठभर माती. त्यानंतर सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. शिवाय २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस आहेच, तेव्हा सगळ्या थडग्यांवर मेणबत्त्या लागतात. दुःख कमी होत नाही, पण जिना उतरताना धरायला कठडा असतो.

कुत्रा गेला की यातलं काहीच नसतं.

आमचा टायगर ऐन पावसाळ्यात गेला. नाव टायगर, आणि चर्चच्या सणाचे फटाके वाजले की आजीच्या खाटेखाली. बाबांनी वाडीत माडाच्या अलीकडे खड्डा खणला, तर तळाला पाणी झिरपायला लागलं. ते पत्र्याच्या डब्याने उपसत बसले, पाणी पुन्हा भरत राहिलं. शेवटी गोणपाटात गुंडाळलेला टायगर तसाच आत ठेवला, वर मीठ टाकलं. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आत्याने हात जोडले आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. 'आमची रोजची भाकर'पर्यंत आली आणि थांबली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे चालतं ना गं? फादरांना विचारायला हवं होतं का?" मी काय सांगणार! बाबांनी फावड्याने माती लोटली.

संध्याकाळी शेजारच्या काकी आल्या. त्यांनी घातलेली समजूत अशी: "अगं, माणसासाठी रड. कुत्र्याला कुठे आत्मा असतो?" काकी मायाळू आहेत. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात जे ऐकलं, तेच त्या सांगत होत्या. मीही तेच ऐकलेलं.

पण हे मत ज्यांच्या नावावर खपतं, त्या संत थॉमस अक्वायनस यांनी 'प्राण्याला आत्मा नसतो' असं कधी म्हटलेलंच नाही. तेराव्या शतकातले हे डोमिनिकन साधू अॅरिस्टॉटलची वाट धरून चालणारे. त्यांच्या लेखी आत्मा झाडालाही असतो, जनावरालाही असतो आणि माणसालाही. फरक पुढे आहे. झाडाचा आत्मा वाढवतो, जनावराचा आत्मा शिवाय पाहतो, हुंगतो, घाबरतो, हवंनको कळतं. माणसाचा त्यापलीकडे जाऊन विचार करतो, आणि विचाराला शरीर लागत नाही म्हणून तो शरीरामागे उरतो. जनावराचा उरत नाही. म्हणजे टायगरला आत्मा होता, तो माडाखाली संपला. काकींच्या म्हणण्यापेक्षा हे बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हिशोब मात्र चोख आहे. इतका चोख की ज्याच्या घरात कधी कुत्रं नव्हतं अशा माणसाने मांडलाय, असा मला दाट संशय आहे.

बायबल स्वतः एवढं ठाम नाही. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात चक्क प्रश्न विचारलाय: माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा प्राण खाली जमिनीत जातो, हे कुणाला ठाऊक? उत्तर दिलेलंच नाही. योनाच्या पुस्तकात निनवे शहर पश्चात्ताप करतं, तेव्हा गुराढोरांनाही गोणपाट नेसवतात आणि उपास घडवतात. पुस्तकाचा शेवट तर असा, की देव योनाला विचारतो, या शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही, मग मी त्यांची कीव करू नये का? तिथेच पुस्तक संपतं, ढोरांवर.

माझं सगळ्यात आवडतं कुत्रं मात्र तोबीतच्या पुस्तकातलं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं, आमच्या कॅथलिक बायबलमध्ये असतं. तोबीत हा निनवेत बंदिवासात राहिलेला धार्मिक म्हातारा. रस्त्यात टाकलेल्या आपल्या लोकांच्या प्रेतांना राजाच्या नकळत मूठमाती देणं, हे त्याचं व्रत. त्याचा मुलगा तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो. सोबतीला राफाएल देवदूत असतो आणि मागे मागे घरचं कुत्रं. हे कुत्रं पुस्तकभर काहीही करत नाही. भुंकत नाही, चोर पकडत नाही, त्याला नावसुद्धा नाही. जाताना दिसतं आणि परतताना पुन्हा दिसतं, एवढंच. लिहिणाऱ्याने ते का ठेवलं यावर पंडितांनी डोकं खाजवलंय. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना खुलासा लागत नाही. माणूस निघाला की ते निघतं.

तरीही प्रश्न उरतोच. शास्त्राने दार लावून घेतल्यावर दुःखी माणसं काय करतात? ती मागच्या दाराने येतात. फ्रान्समध्ये लियाँजवळच्या खेड्यांत तेराव्या शतकात लोक संत गिनफोर नावाच्या एका संताला भजत. चर्चतर्फे पाखंडाच्या चौकशीला आलेले डोमिनिकन अधिकारी, म्हणजे इन्क्विझिटर, एतिएन द बूर्बाँ यांना बायकांनी कबुलीजबाबात सांगितलं, की आम्ही आजारी पोरं त्याच्याकडे नेतो. खोलात गेल्यावर कळलं, हा संत म्हणजे शिकारी कुत्रा. त्याची गोष्ट ऐकाल तर ओळखीची वाटेल. एका सरदाराच्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याकडे साप आला. कुत्र्याने झुंजून त्याला मारलं. घरच्यांनी येऊन पाहिलं, तर पाळणा उलटा आणि कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. सरदाराने तलवार उपसून त्याला तिथेच ठार केलं. मग बाळ सापडलं, झोपलेलं, आणि बाजूला सापाचे तुकडे.

आपल्याकडे ही पंचतंत्रातली ब्राह्मणीची आणि मुंगसाची गोष्ट. ती पाण्याचा हंडा त्याच्या अंगावर टाकते आणि मग ऊर बडवते. आपण तिचं तात्पर्य काढलं, अविचाराने काही करू नये, आणि पोरांच्या पुस्तकात टाकली. तिकडच्या शेतकऱ्यांनी तात्पर्य काढलं नाही. निरपराध मेला ना? मग तो हुतात्मा. कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले होते, झाडं लावली होती, तिथे नवस सुरू झाले. इन्क्विझिटरने हाडं उकरून जाळली आणि राई तोडायला लावली. त्याची बाजूही सांगायला हवी. नवसापायी आया आजारी तान्ह्यांना पेटत्या मेणबत्त्यांमध्ये एकटं सोडून जात, त्यात पोरं दगावल्याचं त्याने नोंदवलंय. त्याला नुसता कुत्र्याचा शत्रू ठरवणं अन्याय होईल. पण राई तोडूनही काही उपयोग झाला नाही. पुढे कित्येक शतकं, अगदी एकोणिसाव्या शतकातही, बाया तिथे पोरं आणत राहिल्या.

नंतरच्या शतकांत समोरच्या दारानेही काही जण बोलले. इंग्लंडमधले, मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली आयुष्यभर घोड्यावर बसून गावोगाव प्रवचनं करत हिंडले. १७८१ साली त्यांनी एका प्रवचनात सरळ सांगितलं, की बायबलातल्या रोमकरांस पत्रात सगळी सृष्टी कण्हते असं पौल म्हणतो, तर तिची सुटकाही सगळ्या सृष्टीची असणार, जनावरांसकट. घोड्याच्या पाठीवर एवढा जन्म घालवल्यावर त्यांना दुसरं काही सुचलं असतं, तर मला नवल वाटलं असतं. इंग्लंडमध्येच १८२४ साली आर्थर ब्रूम या पाद्र्याने प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि संस्थेच्या कर्जापायी स्वतः तुरुंगात गेला. आत्म्याच्या वादात तो पडला नाही. त्याला गाडीचे घोडे मार खाताना दिसत होते.

आमच्या चर्चचं आजचं अधिकृत म्हणणं १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे. त्यात लिहिलंय, प्राणी ही देवाची निर्मिती, त्यांना विनाकारण छळू नका, त्यांच्यावर प्रेम करायला हरकत नाही. पण माणसाच्या वाटणीची माया त्यांना देऊ नका आणि माणसांचं दुःख निवारायला हवा तो पैसा त्यांच्यावर उधळू नका. टायगरच्या शेवटच्या आठवड्यात सलाईनवर सलाईन लावली, तेव्हा हे वाक्य मला आठवलं होतं. ते मला पटतं आणि टोचतंही. काकींच्या सुनेची त्याच महिन्यात बाळंतपणाच्या बिलासाठी ओढाताण चालली होती.

आणि मग २०१४चा डिसेंबर. जगभर बातमी झाली, की पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा गेलेल्या एका मुलाला सांगितलं, स्वर्ग देवाच्या सगळ्या प्राण्यांसाठी खुला आहे. व्हॉट्सअॅपवर आत्याने मला ती पाठवली, खाली चार हात जोडलेले. पोप तसं बोललेच नव्हते. ते वाक्य त्यांच्या बरंच आधी होऊन गेलेल्या पोप सहावे पॉल यांचं म्हणून सांगितलं जायचं, बातमीदारांनी दोन गोष्टींची सरमिसळ केली. न्यूयॉर्क टाइम्सला दुरुस्ती छापावी लागली. पण लोकांनी ती इतक्या आनंदाने का उचलली, हे मला समजतं. पोपनी नाव घेतलं होतं असिसीच्या फ्रान्सिसचं, पाखरांना प्रवचन देणाऱ्या संताचं. मग तो माणूस कुत्र्याला आत नाही घेणार तर कोण? पुढच्याच वर्षी 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी खरोखरच लिहिलं, की सार्वकालिक जीवनात प्रत्येक प्राणी तेजस्वी रूप घेऊन आपापली जागा घेईल. तेच पोप २०२२ साली मुलं न होऊ देता कुत्रीमांजरं पाळणाऱ्या जोडप्यांवर घसरलेही. घरातले आजोबाही असेच असतात, आधी ओरडतात आणि मग मटणाचं हाड गुपचूप टेबलाखाली सरकवतात.

टायगर स्वर्गात आहे की नाही, याची मला खरं तर फारशी चिंता नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, पाच चिमण्या दोन दमड्यांना विकतात, तरी देवाला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही. मत्तयमध्ये भाव आहे एका दमडीला दोन. म्हणजे पाचवी चिमणी वर फुकट दिलेली, आणि तिचीही आठवण आहे. मला एवढं पुरतं. माझी तक्रार निराळी आहे. आमच्याच चर्चमध्ये ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या सणाला प्राण्यांना आशीर्वाद देतात. अंगणात कुत्री, मांजरं, पिंजऱ्यातले पोपट, एखादी बकरी, आणि फादर सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. टायगर प्रत्येक वर्षी त्या पाण्याला घाबरून माझ्या पायांत शिरायचा. जिवंतपणी एवढा थाट, आणि मेल्यावर आत्याला अर्ध्या प्रार्थनेत थांबावं लागतं. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २०१२ साली पाळीव प्राण्याच्या मृत्यूच्या वेळी म्हणायच्या प्रार्थना रीतसर मंजूर केल्या. मिस्सा नव्हे, नुसत्या प्रार्थना. आमच्याही सणाच्या दिवशी आशीर्वादानंतर वर्षभरात गेलेल्या प्राण्यांसाठी दोन ओळी म्हणता येतील, असं मी फादरांना सुचवून पाहिलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. विचार करून म्हणाले, "पॅरिश कौन्सिलपुढे ठेवू या." पॅरिश कौन्सिलपुढे सध्या चर्चच्या आवारातल्या पार्किंगचा विषय आहे, त्यामुळे आमचा नंबर नाताळनंतर लागेल. आत्याने मात्र वाट पाहायची नाही असं ठरवलंय. प्रार्थना जिथे सोडली होती, तिथून पुढची ती वाडीत जाऊन म्हणून आली. फादरांना विचारलं नाही.